पगलीची मुळी

नाही, नाही देणार — आणि आवाज खाली, आख्खा बाजार ऐकतोय! ‘पगलीची मुळी द्या काकी’ म्हणे. मघाशी तुझ्यासमोर मिसिरजी घेऊन गेले, ती कुठली होती? ह्याच टोपलीतली, ह्याच सर्पगंधेची. माझ्या सुनेनंच तोडून दिली — ती बघ, मागे बसलीय ती, सोनमती. मिसिरजींना म्हणालास का पागल? नाही. त्यांची ती प्रेशरची जडी. डॉक्टरबाबूही सांगतात, ह्यातूनच प्रेशरची गोळी काढली. पण तीच बाईला पाजायची म्हटलं की झाली पगलीची. थू! किळस येते मला त्या नावाची.

बायकोसाठी हवी, होय ना? वाटलंच. ओरडते — बरं. ताट फेकते? कुणावर, तुझ्यावर? लागलेलं दिसत नाही कुठे, नेम कच्चा आहे बिचारीचा. आणि ओरडते कशापायी? ...काय म्हणालास? तिच्या बापाच्या शेतावर तुझं नाव लावायला अंगठा देत नाही? अरे, मग डोकं शाबूत आहे की तिचं! इतकं शाबूत डोकं चंपारणात शोधून सापडायचं नाही. आणि तू ते विझवायला निघालास, वर तोंडात पान. थुंकून ये आधी ते.

ऐक. माझे सासरे वैद्य. त्यांचा एकच दंडक होता — जो पिणार, त्याच्याच तळहातावर मुळी ठेवायची. नवऱ्याच्या नाही, सासूच्या तर नाहीच नाही. माणूस उठत नसेल तर आपण त्याच्या खाटेशी जायचं, आणि त्यानं हात पुढे केला नाही तर मुळी घेऊन मुकाट परत यायचं. मी तो दंडक एकदाही — बरं, एकदा. एकदा मोडलाय. एक घर होतं, आमच्याच टोल्यात, वस्तीतच. तिथला मुलगा लुधियानाला कामाला गेला, येताना दुसरी बाई घेऊन आला. पहिली अंगणात उभी राहून अशी ओरडली, अशी ओरडली, की हातपंपावरच्या बायका घागरी टाकून कुंपणाशी आल्या. आता सांग, अब्रू कुणाची गेली? माझीच ना! माझं अंगण, माझा — हो. माझंच घर. माझाच मुलगा. झालं समाधान?

मग मी रोज सत्तूच्या सरबतात घालून द्यायची. कांदा, कैरी, मीठ, लिंबू — काहीही घाला, ही मुळी जिभेला कडू लागतेच लागते. तिलाही लागत होती. कळत होतं तिला. माझ्याकडे बघत बघत प्यायची, सगळा लोटा. महिन्याभरात अंगण कसं गप्प! मला वाटलं, जिंकले. बायका म्हणायला लागल्या, पगलीची मुळी चालू आहे, म्हणजे पगलीच असणार. ती पगली नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही. मग एक दिवस हातपंपाशी कोसळली, हात बर्फासारखे. शुद्धीवर आली तीसुद्धा रडतच — कशासाठी रडते तेही सांगता येईना. कितीतरी महिने तशीच. डॉक्टरनं पट्टा आवळला, काटा बघितला, म्हणाला, इतकं खाली? ह्या घरात प्रेशर वाढलं होतं कुणाचं? — माझं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, कुणाचंच नाही.

मुलगा? तो गेला परत, त्या दुसरीला घेऊन. ही राहिली. मी राहिले.

तुला चव जाणून घ्यायचीय? सोनमती, सांग गं ह्याला, कशी लागते. सांग ना. ...सांग.

बघितलंस? गिऱ्हाइकाशी बोलते, शेळीशी तर दिवसभर गप्पा. मुळी सुटून चौदा वर्षं झाली, शेतावर भांडून हक्क घेतला तिनं, कोण पगली म्हणेल तिला? पण माझ्याशी शब्द नाही. जेवायला वाढते, पाय चेपते, शब्द नाही. ओरड म्हटलं, एकदा ओरड तरी — नाही.

अजून बसलायस? ऊठ. तुझ्या बायकोला लागली तर ती स्वतः येईल, स्वतःचा हात पुढे करील. आणि ऊठ म्हणते ना — सोनमतीनं वाळत घातलेल्या मुळ्यांवरचं ऊन अडवतोयस.