उलटी जोडणी

दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेला मिक्सर घेऊन ताटकळलेल्या प्राध्यापिकाबाईंना परक्यांचं बोलणं ऐकण्याची सवय नव्हती. पण शेजारच्या बाकावर सासरे-जावयांच्या मध्ये रिमोटवर उडणारं एक विमान मोडून पडलं होतं, आणि आरोपी म्हणून वाऱ्याचं नाव घेतलं जात होतं.

"वाऱ्यानं घात केला, बाबा."

"वाऱ्यानं. बरं. उडवण्याआधी पंखांवरच्या पट्ट्या तपासल्या होत्यात?"

"म्हणजे काय! रिमोटची काडी उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर. तुम्हीच शिकवलंत."

"आणि गेली वर?"

"गेली की. या डोळ्यांनी पाहिली."

"मग विमान डावीकडे कललं, तेव्हा काडी कुठं नेलीत?"

"उजवीकडेच. तर ते आणखी डावीकडे! वाराच तसला होता."

"सगळे नवशिके असेच, जावईबापू. पट्ट्या हलल्या की खूश. कुठं हलल्या, ते बघत नाहीत."

"बघितलं म्हणतोय ना मी!"

"सकाळी पट्ट्यांची जोडणी मीच उलटी करून ठेवली होती. उजवी पट्टी वर जाणं शक्यच नव्हतं."

बाईंनी मिक्सर मांडीवर जरा जवळ ओढला.

"तुम्ही? स्वतःच्या विमानाची?"

"माझे हात आता थरथरतात. माझं दुसरं, मोठं विमान तुमच्या हाती सोपवायचं, तर माणूस पारखायला नको? बघायला विसरलो म्हणाला असतात, तरी दिलं असतं."

"म्हणजे ते पडणार हे ठाऊक असून तुम्ही शेजारी उभे होतात."

"होतो."

"बाबा, खरं सांगा. आता घरी जायचंय त्या स्कूटरला तर हात लावला नाहीत ना?"

"निघण्याआधी तपासा. या वेळी मी बघतो."