गव्हाणीचा कठडा

...आणि लोखंडच घ्यायचं तर जाड घे, असं सगळेच म्हणतात हो, पण जाड म्हणजे नेमकं किती हे विचारलं की घसा खाकरतात, चप्पल शोधतात आणि जाता जाता म्हणतात, ‘शेवटी तूच ठरव बाबा.’ तुम्हाला सांगतो, या चार शब्दांची मला आता धास्ती बसलीय.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी तसा बोलणारा माणूस नाही, पण सुरू झालो की मला थांबता येत नाही, तेही एक आहेच.

आमच्याकडे गाई सहा. बांधत नाही, गोठ्यात मोकळ्या सोडतो, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. आता मोकळ्या म्हटल्या की समोर वैरण टाकली रे टाकली की काय होणार? आमच्यात एक आहे, हा एवढा शिंगांचा पसारा, तिला घरात सगळे बाईसाहेब म्हणतात. ती गव्हाणीपाशी आली की बाकीच्यांनी उठून जागा द्यायची. खायचं थोडं, तुडवायचं फार, आणि शेजारी कोणी तोंड घातलंच तर बरगडीत शिंग. आणि दुसरी आहे मुकी. तिला कोणी काही म्हणा, मान खाली. सातव्या महिन्याची गाभण, आणि बाईसाहेबांच्या धाकानं रोज अर्धपोटी. डॉक्टर आले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, ‘हाडं मोजता येतायत हिची. विण्याआधी पोटभर खाल्लं नाही ना, तर वासरू काही धड निघायचं नाही. गव्हाणीपुढे कठडा करा.’

कठडा म्हणजे काय, तर उभे दांडे. गाईनं दोन दांड्यांमधून मान घालायची, खायचं, मान काढायची. शेजारणीला ढुशी देता येत नाही, वैरणीत पाय टाकता येत नाही. सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. शाळा मी आठवीत सोडली, त्याला आता नऊ वर्षं झाली, पण या नऊ वर्षांत आमच्या घरात खराटा कुठला आणायचा हेसुद्धा मला कोणी विचारलं नव्हतं. आणि त्या दिवशी म्हणाले, ‘गोठा तू बघतोस ना? मग कठडा कशाचा करायचा, तूच ठरव.’ अहो, मला रात्रभर झोप नाही. आनंदानं.

सकाळी गेलो लाकडाच्या वखारीत. मी नुसता विचारायला गेलो होतो. पण वखारवाला उठून उभा राहिला, खुर्ची पुसली, मला म्हणाला, ‘या, बसा शेठ.’ मला आजवर कोणी शेठ म्हटलेलं नाही हो. त्यानं एकेका बल्लीवर हात आपटून दाखवला, ‘ऐका आवाज. ऐकला? हे लाकूड नाही, दगड आहे दगड.’ आता उठून ‘विचार करून सांगतो’ असं म्हणायचं कसं? मी दोन बल्ल्या घेऊनच घरी.

काका ओट्यावर बसलेले. ‘लाकूड? गोठ्यात? बुडाशी मूत मुरणार, वर्षात कुजणार. आणि वरून तुझ्या बाईसाहेब अंग घासणार. सिमेंटचे खांब घे.’ मी म्हटलं, बरं. ‘पण सिमेंटला टणकन शिंग बसलं की टवका उडतो हं,’ हेही तेच म्हणाले. मी म्हटलं, मग काय घेऊ? ‘मी कोण सांगणारा? तूच ठरव बाबा.’

आई म्हणाली, ‘काही पण कर, पण धारेचं नको. गाईच्या मानेला लागेल.’ म्हणजे लोखंडी अँगल बाद. हे एक मात्र सरळ सांगणं झालं. पण तिच्याही शेवटी ‘बाकी तुझं तू ठरव’ होतंच.

मग वेल्डर. त्याच्या दुकानात तर मी बाहेरच उभा. तो चष्मा लावून ठिणग्या उडवतोय, त्याला हाक मारायची कशी? अर्धा तास उभा राहिलो. शेवटी त्यालाच तहान लागली म्हणून त्यानं मान वर केली. ‘काय रे, कोणाचा पत्ता पाहिजे का?’ मी सगळं सांगितलं. म्हणाला, ‘पातळ पाइप नको. खुर्चीचा पाइप आहे तो, गाय त्याच्यावर टेकली की नमस्कार करील. बोअरचा जुना जाड पाइप घे.’ मला पटलं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘पोकळ? आत काँक्रीट भर.’ तेही पटलं. मला काय, सगळंच पटतं.

असा महिना गेला बघा. महिनाभर घरात, ओट्यावर, दुकानात एकच चर्चा, कशाचा करायचा. मुकीची हाडं तशीच. शेवटी एकदा मी ठरवलं. माझं मी ठरवलं. जाड पाइप, आत काँक्रीट, पाया दोन फूट खोल. वेल्डरला सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा मोठाच निघाला. तो म्हणाला, ‘झकास. दोन पाइपांत जागा किती सोडू?’

आता हे मला कोणीच विचारलं नव्हतं.

टेप घेऊन धावत गोठ्यात. पहिल्या बाईसाहेबच उभ्या. तिच्यापुढे टेप काढणं म्हणजे वडीलधाऱ्या बाईला वय विचारण्यासारखं. तिनं नुसतं बघितलं, मी टेप खिशात ठेवली. मुकी बिचारी कोपऱ्यात. तिनं मान पुढे केली, मी माप घेतलं, दोन बोटं सैल धरली, आणि वेल्डरला सांगून आलो. गाय म्हणजे गाय, मान म्हणजे मान, असं मला वाटलं हो.

कठडा उभा राहिला. काय देखणा, तुम्हाला सांगतो. वडील आले, दोन्ही हातांनी हलवून बघितला. हलला नाही. मग आत जाऊन आईला म्हणाले ते मी ऐकलं, ‘पोरानं काम चांगलं केलं.’ मी तिथंच भिंतीला टेकलो.

मग वैरण टाकली. पाच गाई आल्या, पाच माना आत. मुकी सगळ्यांत पुढे. आणि बाईसाहेब आल्या, मान घातली... ठण्ण. शिंगं. तिरकी केली, ठण्ण. दुसऱ्या फटीत, ठण्ण. मग मागे सरकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

वेल्डरकडे गेलो, म्हटलं, एक पाइप तेवढा काढून देता का? ‘आत काँक्रीट कोणी भरायला सांगितलं? तूच ठरवलंस ना?’ वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, ‘मुकी पोटभर खातेय की नाही? खातेय. मग त्याला हात लावायचा नाही.’ त्यांचंही खरंच. महिन्यानं मुकीला कालवड झाली, अशी धट्टीकट्टी, की पहिल्याच दिवशी तिनं मला पाडलं.

पण बाईसाहेबांचं काय? त्यांना वेगळं घालायचं. घमेलं खाली ठेवलं तर शिंगानं उलटं करतात. म्हणून ते हातात धरून उभं राहायचं, सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. खातात सावकाश. मधेच थांबतात, विचार करतात. आणि कोणी धरायचं, हे मात्र मला ठरवावं लागलं नाही, ते घरात आपोआपच ठरलं.

परवा डॉक्टर कालवड बघायला आले, तर मी घमेलं धरूनच विचारलं, सहज, म्हटलं, डॉक्टर, ही आता सहा वर्षांची, गाय जगते किती? त्यांनी बाईसाहेबांकडे नीट बघितलं, पाठीवर थाप मारली, म्हणाले, ‘नीट खाऊ घातलं तर वीस वर्षं कुठं गेली नाहीत.’

आणि नीट तर मी घालतोच आहे.