पहिलं माप

नळदुर्गच्या स्टँडवर पौर्णिमा मुरूमच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर सासू, सून आणि पाच-सहा वर्षांची नात. दोघींची चांगलीच जुंपली होती, आणि पौर्णिमानं मोबाइल कधीच पर्समध्ये टाकला होता.

"आत्याबाई, आजपासून शिवाला तुम्ही आकडे शिकवू नका. काल बाईंनी मोजायला लावलं, तर भर वर्गात म्हणती, लाभ, दोन, तीन. समदी पोरं हसली."

"हसू दे. जवारी मापताना पहिल्या मापाला लाभच म्हणत्यात. माझ्याबरुबर मापं मोजूनच शिकली ती."

"पण शाळेत एक म्हणावं लागतं."

"त्यात काय लई अवघड हाय? शिवे, सातच्या म्होरं काय?"

"आठ."

"आन् सातच्या आदी?"

"सहा."

"आता विसापासनं माघारी ये."

"वीस, एकोणीस, अठरा, सतरा…"

पौर्णिमा मनातल्या मनात तिच्यासंगं माघारी येत होती.

"हाय का तुज्या बाईच्या वर्गात कुणी असं येणारं?"

"माघारी ऱ्हाऊ द्या. शिवा, म्हण बरं, एक."

"एक, दोन, तीन!"

"अस्सं! आता हेच ध्यानात ठेव."

तेवढ्यात गाडी लागली. सून ज्वारीच्या पिशव्या उचलून दारातून आत ठेवू लागली. शिवा पायरीपाशी उभी राहून मोठ्यानं मोजू लागली.

"एक…"

"अगं ए, जवारी हाय त्यात!" सून गरकन वळली. "लाभ म्हण."