तिसऱ्या मजल्यावरचा शो

नाही हो, टॉयलेट इकडेच, डाव्या हाताला — जाऊन आलात? मग झालं तर. आता बसा ना दोन मिनिटं. खालची दारं उघडायला अजून वेळ आहे. मिसेस रांगेत आहेत ना तुमच्या? मघाशी जिन्यात फोनवर सांगत होतात, "नंबर सोडू नकोस, आलोच" — मराठी ऐकलं म्हणून तर हाक मारली. त्या निळ्या कोटातल्या का? या खिडकीतून दिसतात बघा, अगदी शेवटी, पोस्टरच्या शेजारी. उशीर झाला वाटतं तुम्हाला. आता जागा मिळालीच तर पहिल्या रांगेत, मान वर करून तीन तास. आणि इथे, या दाराच्या आत, अख्खा हॉल तुमचा. कुठेही बसा. पाय पसरून बसा. — हसताय? हसा. मीही हसलो असतो.

मी चंद्रहास. इथे कावासाकीतच राहतो, टोकियोत एका बँकेच्या सिस्टिमवर आहे, तुमच्यासारखाच, फक्त केस जास्त गेलेत. तुम्ही कधी आलात? एप्रिलमध्ये? म्हणजे कचरा अजून चुकीच्या दिवशी टाकत असाल. होईल सवय. तर सांगत काय होतो — हां, दिवाळी. या दिवाळीला तीन पिक्चर लागले, माहितीय ना? एक धो धो चालला, तो हा खालचा. दुसऱ्यात केवढा मोठा हिरो, गाणी सगळी स्वित्झर्लंडात, आणि सोमवारी आडवा! त्याचं मला दुःख नाही, त्यांना पुढची दिवाळी आहे. तिसरा लागला ते तुम्हाला ठाऊक नसेल. कुणालाच नाही. मराठी होता. आमच्या पुष्करचा. पुष्कर म्हणजे माझा धाकटा भाऊ. लिहिला त्यानं, काढला त्यानं, आणि पुण्यात त्याला शो कुठला मिळाला सांगू? नरकचतुर्दशीला सकाळी साडेनऊचा! अहो, पहाटे उठून तेल-उटणं लावून आंघोळ केलेला माणूस, समोर फराळाचं ताट, तो उठून मल्टिप्लेक्सला जाईल? पुढच्या शुक्रवारी काढून टाकला. पोस्टर उतरवायलासुद्धा कोणी आलं नाही म्हणे, त्यावरच दुसरं चिकटवलं.

पिक्चर वाईट नाही हो. म्हणजे — संथ आहे. संथ आहेच, मी भाऊ असलो म्हणून काय झालं. एका बाईचं टायपिंग इन्स्टिट्यूट असतं, गल्लीत, आणि कॉम्प्युटर येतात, आणि एकेक मुलगी शिकायची बंद होते. बस, एवढंच. आमच्या आईचं होतं तसं, चिंचवडला. मशिन्सचा आवाज त्यानं इतका बरोबर घेतलाय ना, मी डीव्हीडी लावली तर आमची उत्तरा — मुलगी माझी, इथलीच झालीय, जपानीत बोलते — ती विचारते, बाबा, हा पाऊस आहे का? — एक मोठा मुलगा पण आहे त्यात. परदेशात असतो. फोनवरून आईला सांगतो, विकून टाका आता ती मशिन्स, कोण घेतंय. लोकांना वाटतं तो मी. तो मी नाही. म्हणजे विका असं मी म्हणालो होतो, पण त्या सुरात नाही म्हणालो. आणि तो मुलगा सारखा घड्याळ बघतो. मी कुठे बघतो घड्याळ? ... आत्ता बघितलं, कारण वेळच तशी आहे. ते वेगळं.

तर तुम्ही म्हणाल, चंद्रहासराव, हा पिक्चर आपटला, तुमची त्यात बदनामी, मग इथे हॉल घेऊन कशाला बसलात? सांगतो. दिवाळीनंतर बाबांचा फोन आला, आमचे बाबा, रविकांत, कधी स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाले, पुष्कर खोलीतून बाहेर येत नाही. जेवत नाही. सरितामावशी येऊन त्याच्या दाराची आतली कडी काढून घेऊन गेली. — कळलं ना तुम्हाला? मावशीनं स्क्रू ड्रायव्हर मागितला शेजारून आणि कडी काढली. पंख्याचीही चर्चा झाली त्यांची, पंखा ठेवायचा का. हे मला बाबा सांगताहेत, आणि मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये, समोरून ऑफिसातले जपानी वाकून नमस्कार करत जाताहेत, मीही वाकतोय. मी म्हटलं, त्याच्या कानाला लावा फोन. आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे पुष्कर, इथे लोक तुझा पिक्चर मागताहेत! इथलं मराठी मंडळ शो ठेवतंय. तिकिटं संपली." संपली! तेव्हा हॉलसुद्धा ठरला नव्हता. तर तो म्हणाला, "खरं का दादा?" दाढी केली म्हणे त्यानं त्या दिवशी. दोन पोळ्या खाल्ल्या. मग काय, मी रोज सांगायला लागलो. आज सेंदाईहून विद्यार्थी येणार म्हणून फोन आला, आज जादा खुर्च्या मागवल्या — नुसता सुटलोच. आणि एक दिवस तो म्हणतो, "दादा, मी येतो. मला ते बघायचंय." व्हिसाचं पत्र मीच पाठवलं. नाही कसं म्हणणार? तुम्ही म्हणाला असतात?

आज आलाय तो. सकाळी नारिताला उतरला, सुलेखा — माझी बायको — आणायला गेलीय, येतीलच आता. म्हणून म्हणतो, बसा. आणि उल्हाससाननी बघा काय केलं — मंडळाचे अध्यक्ष, ऑफिसात जपान्यांना सान सान करून आता मंडळातही 'राव'च्या जागी सान — दोन्ही हॉल एकाच दुपारी घेतले! खाली तो, वर आमचा. म्हणाले, खाली ज्यांना जागा मिळणार नाही ते वर येतील. कोण येतंय हो? खाली नाही मिळालं तर लोक स्टेशनजवळ करी खायला जातील. मघापासून एक बाई तेवढ्या डोकावल्या, विचारतात, मुलांना खेळायला हा हॉल मोकळा आहे का!

अगदीच रिकामा नाही म्हणा. आत जपानी बायका बसल्यात. सुलेखाला जपानी शिकवतात त्या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी. सबटायटल नाहीत, म्हणून सुलेखानं त्यांना गोष्ट एका कागदावर लिहून दिलीय, ती वाचताहेत. चिवडा दिला तर खाऊन पिशव्या घडी करून पर्समध्ये ठेवल्या. शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत एक जण उठणार नाही बघा, इथे उठतच नाहीत. चांगल्या आहेत हो, फार चांगल्या. पण पुष्कर आत आला की त्याला कळणार ना! त्याला आपली माणसं हवीत. कुठे हसतात, कुठे गप्प होतात, हे बघायला तो चौकटीपाशी उभा राहणार, मला माहितीय. लहानपणी नाटकाला गेलो की हा स्टेज सोडून लोकांकडेच बघायचा.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या ऑफिसची मंडळी आहेत ना खाली? सात-आठ जण? त्यांना वर आणा. पूर्ण पिक्चर नका बघू. पंधरा मिनिटं. तो आला, त्यानं खुर्च्यांकडे बघितलं, अंधार झाला, की एकेक करून मागच्या दारानं जा. खालच्या जागा धरायला मी उल्हासना सांगतो, पाया पडतो त्यांच्या. तिकीट नको, काही नको. वाटल्यास शेवटी उल्हाससाननी चहा ठेवलाय — नाही? मिसेसना विचारायला हवं? विचारा ना, फोन करा. त्यांना म्हणावं, एका माणसाचा जीव आहे यात. नको, असं नका सांगू, घाबरतील. सांगा की — थांबा. माझाच वाजतोय.

हां सुलेखा! पोचलात? कुठे, स्टेशनला? ... खालीच? इमारतीपाशी? अगं मग वर आण ना त्याला, मागच्या लिफ्टनं — काय? ... रडतोय? का? ... कुठली रांग?

अगं, ती खालची — तू काही बोलली नाहीस ना? ... बरं केलंस. नाही, बरं नाही केलंस, पण आता — थांब, थांब, मी खिडकीशी आहे, दिसतोय मला.

तो बघा. बाबांचा राखाडी स्वेटर घातलेला. तो माझा भाऊ. रांगेतल्या एकेकाला हात जोडतोय. ते लोक पण जोडताहेत, कोण आहे म्हणून बघताहेत. ... काय म्हणतो, सुलेखा? ... शेवटी जाऊन उभा राहणार? ... "आपल्या पिक्चरला एकदा रांगेत उभं राहायचंय." असं म्हणाला? ...

राहू दे. अडवू नकोस. राहू दे दोन मिनिटं. केवढा हसतोय, बघताय ना? किती दिवसांनी — अहो, किती बारीक झालाय. तुमच्या मिसेसच्याच मागे उभा राहिलाय. त्यांना काहीतरी विचारतोय. चांगल्या दिसतात हो तुमच्या मिसेस, हसून बोलताहेत. फोन लावा त्यांना. लवकर. म्हणावं, फक्त हो म्हण, तो काय विचारेल त्याला हो म्हण — लागत नाही? परत लावा ना! अहो लावा —

पोस्टर दाखवताहेत त्या.

... वाचतोय.

सुलेखा, त्याच्याजवळ जा. फोन ठेव आणि जा. हात धर त्याचा.

त्यांची काही चूक नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं. — वर बघतोय तो. इकडेच बघतोय, खिडकीकडे. मी हात करू का? करू का हो?

जा तुम्ही. दारं उघडली खालची. जा, नंबर जाईल तुमचा.