पाणी मात्र काचेसारखं!

नाही, तुम्हीच सांगा, माशाच्या टाकीत कोळसा कोण घालतं हो? आम्ही घातला! फिल्टरमध्ये. परळला शोभेचे मासे विकणारा तो बाबुराव म्हणाला, "साधा कोळसा नाय, कार्बन आहे! वास, पिवळेपणा, सगळं ओढून घेतो." आणि तुम्हाला सांगतो, दोन दिवसांत पाणी काचेसारखं!

आमचे अप्पा खूश. अप्पा म्हणजे माझे वडील, मिलच्या बॉयलरवर तीस वर्षं कोळसा ओढलेला माणूस. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच, आणि अप्पांचं तोंडही मिटलं. सात वर्षं हो... घरात असून नसल्यासारखे! मी आपला एक गोल्डफिश आणला, तर त्याच्याशी बोलायला लागले! पोट पुढे काढून नुसता फिरतो, काम काही नाही, म्हणून नाव ठेवलं जॉबर. मिलमधला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, अस्साच असायचा म्हणे! उठल्या उठल्या, "काय जॉबर, हजेरी लागली काय?" आई पदर तोंडाला लावून हसायची... हसता हसता रडायची.

आणि झालं! जॉबरच्या अंगावर पांढरे ठिपके. बाबुरावनं निळं औषध दिलं. सकाळी घातलं, पाणी शाईसारखं. संध्याकाळी बघतो तर काचेसारखं! परत घातलं, परत तेच! बाबुरावनं कपाळावर हात मारला, "अरे बंडूशेठ, कार्बन काढला का? तो औषधच पितोय! कोळसा काढ, मासा वाचेल."

धावत घरी आलो, फिल्टरला हात लावतो तर अप्पांनी मनगट धरलं. "काढूचो नाय!"

"अहो अप्पा, औषध ओढून घेतोय तो..."

"माका कोळसो शिकवतंस? संपाच्या आदल्या दिवशी ह्याच हातांनी भट्टी रिकामी केलंय. आठ दिवसांनी परत पेटवूया, म्हटलंय... पेटली?"

मी हात मागे घेतला. तुम्ही काढला असता? माझी नाही छाती झाली. कोळसा राहिला, औषध जात राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी जॉबर उलटा! अप्पांनीच ओंजळीत घेतला, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरला.

मी म्हटलं, आता तरी फिल्टर बंद करू?

"असां दे चालू. बंद केलेला परत सुरू होणा नाय."

तेव्हापासून चालूच आहे. बुडबुडे येतात, अप्पा समोर बसून असतात, बोलत काही नाहीत. चाळीतले विचारतात, अरे, मासा कुठाय? काय सांगू... पाणी मात्र काचेसारखं!