मैदानाची बांधी

हसू नका, पण आमच्या फुलचूरच्या क्लबात इंजिनीअरिंगवाला मीच. रविवारी गोरेगावशी मॅच, म्हणून घाईघाईनं मैदानाभोवती नाली खोदून घेतली. पोरं सगळी धानवाल्या घरची; निघालेली माती त्यांनी शेतात बांध घालायच्या सवयीनं नालीच्या आतल्या, मैदानाकडच्या काठावर रचून, पायांनी दाबून पक्की केली. शनिवारी पाऊस पडला. नाली कोरडी, मैदानात घोटाभर पाणी!

शेजारच्या शेतातून टेंभरेकाका आले. "काऊन रे पोट्टेहो, धानाची रोवणी करून राहिले का? बांध घालून, पाणी अडवून मैदानाची बांधी केली ना तुम्ही!"

त्यांनी फावड्यानं काठ चार जागी फोडला. पाणी नालीतून थेट त्यांच्याच धानात गेलं आणि मॅच झाली.

तेव्हापासून पाऊस पडला की काठातल्या बुजलेल्या वाटा मोकळ्या करायला काका फावडं घेऊन हजर.

"काका, उद्या मॅच नाही."

"मंग ठेवून टाका ना एक! माह्या धानाले पाणी पायजे."