भैरोबाच्या रथाची जर्मनची चाकं

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो — सोपा आहे, घाबरू नका! मायेचं माणूस कोणाला म्हणायचं? आपलं उणं दिसलं की वरून छान पांघरूण घालतं, त्याला? का ते पांघरूण ओढून काढतं आणि आपल्याला घासूनपुसून उजेडात आणतं, त्याला? हं? बोला की! आता कसे गप्प! पंगत बसली म्हटलं असतं तर एका सुरात उठला असतात!

ते बघा, तिसऱ्या ओळीतले पाहुणे हसले. त्यांनी नवी गाडी घेतलीय, दिवाळीला. मला आज त्याच गाडीतून आणलं. बसलो — तर चर्रर्र आवाज! सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. मी म्हटलं, "अहो, हे का काढलं नाही?" तर म्हणतात, "बुवा, सीट खराब होईल ना!" अहो, मग सीट घेतली कशाला? म्हणजे झाकून ठेवायची हौस आपल्या सगळ्यांनाच आहे. म्हणून आजचं आख्यान.

ऐका! धामणखोरे नावाचं गाव. गावाला भैरोबा, भैरोबाला रथ, आणि रथाला मान! मान म्हणजे काय, तर दोराचा मान पाटलांचा, छत्रीचा मान गुरवाचा, आणि चाकाचा मान सुताराचा. यात्रेच्या सकाळी देवळाच्या पायरीवरून पुकारा व्हायचा — "चाकाचा मानकरीऽऽ!" आणि गर्दीतून आवाज यायचा — "हजर!" तो आवाज केरबा सुताराचा. त्याने पुढं यायचं, पुढच्या उजव्या चाकावर, अगदी मधल्या फुगीर भागावर, पहिला नारळ फोडायचा, पाणी चाकावर सोडायचं, आणि मग रथ हलायचा. एकोणचाळीस वर्षं! एकदा ताप होता, तर घोंगडी पांघरून आला होता.

आता झालं काय, रथाचा खालचा लाकडी गाडा वाळवीने खाल्ला. एका वर्षी उतारावर आसच मोडला. मग गावातलाच एक गृहस्थ — त्याचा मुंबईकडं ट्रेलरचा धंदा — त्याने एक ठेंगणा ट्रेलर दिला. वर देवाचा लाकडी रथ, खाली ट्रेलर! आणि ट्रेलरला चाकं कसली? ॲल्युमिनिअमची! अशी झळाळत होती, की पोरीबाळी चाकात बघून टिकल्या नीट करायच्या.

सगळ्यांना वाटलं, संपला केरबाचा मान. लाकूडच नाही, तर सुतार कशाला? पण केरबा उठला, चाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "चाक लाकडाचं असू द्या न्हाईतर कशाचं. चाक सुताराचं!" गावाने मान डोलावली. काय वाईट बोलला हो?

दोन यात्रा बऱ्या गेल्या. तिसऱ्या वर्षी केरबा बघतो, तर पुढच्या उजव्या चाकाला फोड! कारखान्यातून त्या चाकांवर एक काचेसारखा पारदर्शक थर मारून येतो. तो थर सुटायला लागलेला. त्याच्या खाली पांढऱ्या पांढऱ्या नागमोडी रेघा — अळी फिरल्यासारख्या! हळूहळू बाकीच्या चाकांचाही पापुद्रा उचलला. आता चाकाचा मान कोणाचा? केरबाचा. मग उपाय कोणी करायचा? केरबाने. आणि सुताराकडं उपाय कोणता? लाखेचं पॉलिश!

हसू नका! त्याने आयुष्यभर दारं केली, पाळणे केले, देव्हारे केले. जे जे उघडं पडलं, त्याला त्याने लाखेचं पॉलिशच दिलं. त्याने चाकांनाही दिलं. कापसाचा बोळा घेऊन, हळुवार, तीन हात! पहिल्या दिवशी सोनं. आठवड्याने पिवळं. पावसाळ्याने पांढरं, आणि दसऱ्याला — कात टाकल्यासारखं सोललेलं. मग त्याच्यावर आणखी दोन हात. पुढच्या वर्षी आणखी तीन! अशी सहा वर्षं! आमचे मृदंगवाले विचारतायत, "बुवा, जुना थर काढला नाही का?" अहो, काढायचा असतो हे कळलं असतं, तर आख्यान इथंच संपलं असतं!

यात्रा आली नऊ दिवसांवर. यात्रा कमिटीचे यशवंतआण्णा माणूस भला, पण बोलायला सरळ. चाकाजवळ उभे राहिले, बोटाने पापुद्रा उचलला, तर हातभर सोलून आला.

"केरबादादा, आवंदा तालुक्याचा गॅरेजवाला बोलवू. चंदेरी फवारा मारंल. आन... मारंल त्येच्याच हातनं नारळ फोडू. तुमी आता बसून बगा."

बसून बगा! मंडळी, ज्या माणसाने एकोणचाळीस वर्षं 'हजर' म्हटलं, त्याला हे ऐकून काय झालं असेल? केरबा एवढंच म्हणाला, "आट दिस द्या आण्णा. न्हाई जमलं, तर म्या सोता त्येला बोलवून आणतो."

घरी आला. घरात माणसं दोन. मुलगा चाकणला कारखान्यात, बायको देवाघरी. घरात केरबा आणि त्याची सून मालन. दोन वर्षं झाली होती लग्नाला. बोलणं फार नाही. पण एक कुरकूर रोजची! मालनला भांडी घासायचा भारी नाद. सकाळी खर्र, दुपारी खर्र! केरबा आतून ओरडायचा, "अगं, भांडी घासतीस का रंधा मारतीस?" आणि मालन बाहेरून, "मामंजी, रंध्यानं चमक येत आसंल, तर द्या हिकडं!" फळीवर तिची जर्मनची पातेली अशी मांडलेली, की शेजारणी ती बघायला यायच्या. जर्मनची म्हणजे काय, माहीत आहे ना? ॲल्युमिनिअमची! आपल्या आया-आज्या जर्मनचीच म्हणतात.

त्या दिवशी केरबा जेवला नाही. ताट सारलं. मालन म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "काय न्हाई." ती म्हणाली, "काय न्हाई मंजी आमटी खारट न्हाई, का गावात काय न्हाई?" मग त्याने सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच सांगितलं.

मालन उठली, तडक रथाच्या शेडमध्ये गेली, मागोमाग केरबा. चाकाला नख लावलं. वळली आणि म्हणाली —

"मामंजी, ह्ये जर्मन हाय न्हवं?"

"व्हय."

"मग जर्मनला कुनी पालिश देतं व्हय? ह्येला घासायचं आस्तंय!"

केरबा बघतच राहिला. सगळी अक्कल त्याच्या फळीवर पालथी पडली होती दोन वर्षं! पण सुतार हट्टी. म्हणाला, "रथाच्या चाकाला सुनंचा हात? कंदी कुनी लावला न्हाई." मालन काय म्हणाली, ऐका! म्हणाली, "देवाच्या निवदाचं पातेलं रोज कुनाच्या हातचं आस्तंय?" आता द्या उत्तर! तुमच्याकडं आहे का?

लागले दोघं कामाला. दुकानातून रंग उतरवायचं औषध आणलं. मालनने तोंडाला पदर बांधला, केरबाने उपरणं. औषध लावल्याबरोबर सहा वर्षांचे थर सुरकुतले आणि दुधावरच्या सायीसारखे उचलून आले. वरची लाख, मधली लाख, खालची लाख, आणि सगळ्यात खाली तो कारखान्याचा काचेचा थर. केरबा एकेक थर काढताना म्हणत होता, "ही परवाच्या सालची... ही माजी गुडघेदुखी झाल्ती त्या सालची..." स्वतःचीच सेवा खरवडून काढत होता बिचारा. सोपं नाही हो!

मग पाणी लावून घासायचा कागद. आधी खरबरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. केरबा आपला उभा हात चालवतोय — वर, खाली. थांबतो, चाकाला डोळा लावतो, परत थांबतो. मालन म्हणाली, "काय हुडिकताय?" म्हणाला, "रेघ. लाकडाची रेघ कुनीकडं चालली, त्ये बगून हात मारायचा आस्तो." ती हसली — चेष्टेने नाही हो, मायेने. म्हणाली, "जर्मनला रेघ नस्ती मामंजी. गोल घासा. आन सोडा नगं बरं का, सोड्यानं काळं पडतं." आणि सत्तरीचा तो कारागीर, ज्याच्या हाताखाली अकरा माणसं शिकून गेली, तो सुनेच्या शेजारी उकिडवा बसून गोल गोल हात फिरवायला शिकला. मला तर हा माणूस इथंच आवडला. शिकवणारे खूप भेटतात, या वयात शिकणारा दाखवा!

पाच दिवसांत तीन चाकं आरसा झाली. राहिलं ते पुढचं उजवं. त्याचाही थर निघाला, पण मधल्या फुगीर भागावर खड्डे. पांढुरके, खरबरीत, अर्धचंद्रासारखे. घासून घासून मालनची बोटं सोलली, ते जाईनात.

"ह्याच चाकाला काय झालं गं?" केरबाने विचारलं.

मालनचा हात थांबला. मग परत चालू झाला. खाली बघूनच म्हणाली, "वाटंत खडा लागला आसंल."

बघा! मघाशी मी काय विचारलं होतं? सहा वर्षांची लाख खरवडणारी ही पोर — इथं आली, आणि तिनेच पांघरूण घातलं! का घातलं?

केरबा म्हणाला, "आसंल." पण तो कारागीर. खडा असा एकाच जागी, इतक्या वर्षांचा लागतो होय? घरी गेला, देव्हाऱ्यातला नारळ उचलला, आणून त्या खड्ड्यावर टेकवला. नारळाची गोलाई खड्ड्यात नीट बसली. दुसऱ्या खड्ड्यात टेकवला. तिथंही बसली! लाकडाचं चाक होतं, तेव्हा घाव पचायचा, पाणी मुरून जायचं. इथं घावाने काचेचा थर फुटला, फटीतून नारळपाणी आत शिरलं आणि आतल्या आत खात बसलं. बाकी तीन चाकांचा पापुद्रा गेला तो ऊन-पावसाने. पण हे चाक कोणी नासवलं? पहिल्या मानाच्या नारळाने!

"खडा न्हवं पोरी ह्यो," केरबा म्हणाला. "ह्यो नारळ हाय. आन हात माजा. तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

मालनच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "लाख घासून काडली मामंजी. पन त्यो नारळ मंजी तुमचा मान. त्यो मी कसा घासू?"

मंडळी, केरबा तिथंच जमिनीवर बसला. दोन वर्षं या पोरीची खरखर त्याने ऐकली, ती पोर आज ऐकली. मग तिच्या सोललेल्या बोटांकडं बघून म्हणाला, "याडी का काय तू? लई लागलंय व्हय?" आणि आपल्या उपरण्याची कड फाडून तिचं बोट बांधलं. आणि दोघंही परत घासायला लागली. मी एवढंसं जोडलंय यावर, ऐका —

थरावर थर किती लाविशील राया ।
बोट सोलवून काढी तीच खरी माया ।।

टाळ वाजू द्या! वाजू द्या!

यात्रेचा दिवस. रथ सजला. चाकं उन्हात अशी लखलखली, की यशवंतआण्णांनी डोळ्यांवर हात धरला. गॅरेजवाल्याला बोलवायचं कारणच राहिलं नाही. पायरीवरून पुकारा झाला —

"चाकाचा मानकरीऽऽ!"

एक नाही, दोन नाही. लोक वळून बघायला लागले. आणि मग आवाज आला —

"हजर! दोगं हजर!"

केरबा पुढं, मागं मालन — पदर दातात धरलेली, बोटाला चिंधी. गुरवाने नारळ दिला. केरबा वाकला, आणि त्याने नारळ फोडला कुठं? पायरीजवळच्या दगडावर!

कुजबूज! आण्णा धावत आले. "केरबादादा, चाकावर! नारळ चाकावर फोडायचा!"

केरबा मोठ्याने म्हणाला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं — "आण्णा, ह्या चाकाला नारळानं खाल्लं. नारळानं मंजी म्या. हे खड्डे बगा, माजं हायत. ह्या सुनंनं दावलं. न्हाई, दावलं न्हाई, तिनं झाकलं. म्या हुडकलं. आजपास्नं चाकाचा मान फोडायचा न्हाई. पुसायचा!"

कमरेचं धुतलेलं फडकं काढलं आणि मालनच्या हातात दिलं. "पयला हात तुजा."

पाटील बघतायत, गुरव बघतोय. मालन वाकली आणि ते पुढचं उजवं चाक पुसलं — गोल गोल, खड्ड्यांसकट. बांगड्या किणकिणल्या. आणि आण्णांनीच आरोळी ठोकली — "भैरोबाच्या नावानंऽऽ" — पुढचे शब्द सगळ्या गावाने म्हटले, आणि रथ हलला!

आज त्या रथाच्या चाकांवर थर नाही. उघडी चाकं आहेत. उघडी म्हणजे मळतात. म्हणून दर शनिवारी सासरा आणि सून फडकं घेऊन शेडमध्ये जातात. केरबाचा गुडघा दुखला, तर मालन म्हणते, "बसा तुमी." आणि तो म्हणतो, "बसून बगायला म्या काय आण्णाचा पावणा हाय का?" आणि तोही उकिडवा बसतो.

तर पाहुणे, त्या प्लॅस्टिकचं बघा जरा! मळेल सीट, मळू द्या. पुसा.

आणि बाकीच्या मंडळींनो, हसून झालं असेल, तर आता माझ्याकडं बघू नका, शेजारी बघा. तुमच्या घरात एक माणूस असं आहे, ज्याला तुमच्या हातचा घाव कधीच दिसलाय. तुम्ही विचारलंत, तर ते म्हणेल, "खडा लागला असेल." तुमचा मान जाऊ नये, म्हणून गप्प बसलंय ते. बायको असेल, सून असेल, धाकटा भाऊ असेल. माझ्या घरात कोण आहे, ते मला माहीत आहे, आणि ती आत्ता तिकडं बायकांत बसून खाली बघतेय.

आज घरी गेलात की त्या माणसाला एवढंच विचारा, "तुला माहीत होतं?" आणि ते 'हो' म्हणालं, तर रागावू नका. फडकं त्याच्या हातात द्या. म्हणा माझ्याबरोबर, मोठ्याने, टाळी वाजवून — भैरोबाच्या नावानं चांगभलं!